लोखंडी कंड्युट पाईप मशीनवर वाकवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिककडच्या सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे भागात शेडच्या वायरिंगचं काम करणारे वायरमन, मेंटेनन्सचे सुपरवायझर आणि आयटीआयची मुलं यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एका जागी ठेवले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्याचा नंबर दिला आहे. सगळी मापं मिलिमीटरमध्ये आहेत.

१. कंड्युट म्हणजे नेमका कुठला पाईप? नळाचा जीआय पाईप वापरला तर काय बिघडतं?

कंड्युट म्हणजे ज्यातून विजेच्या वायर नेतात तो पाईप. वायरिंगच्या लोखंडी कंड्युटचं मानक आयएस ९५३७ भाग २ आहे. साईज १६, २०, २५, ३२, ४०, ५० आणि ६३, आणि ही मापं बाहेरच्या व्यासाची. नळाचा पाईप आयएस १२३९ मध्ये येतो आणि त्याची साईज नाममात्र आतल्या व्यासाची असते. त्यामुळे दुकानात ज्याला ‘अर्धा इंची’ म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास २१.३ आणि ‘पाऊण इंची’चा २६.९ भरतो. २० किंवा २५ च्या फॉर्मरमध्ये (मशीनचा खाच असलेला अर्धगोल साचा, ज्याभोवती पाईप वाकतो) यातला कुठलाच पाईप नीट बसत नाही. शिवाय नळाच्या पाईपात आतून वेल्डिंगची धार उरलेली असते आणि वायर ओढताना ती इन्सुलेशन सोलते. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

२. पाईप जाड आहे की हलका, हे दुकानातच कसं ओळखायचं?

वजन करून. सरकारी कामांच्या सीपीडब्ल्यूडी (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग) स्पेसिफिकेशनमध्ये ३२ साईजपर्यंत पत्रा किमान १.६ मिमी म्हणजे १६ गेज लागतो आणि त्यावरच्या साईजला २ मिमी. १.६ च्या हिशोबाने ३ मीटरचा २५ चा नग पावणेतीन किलोच्या आसपास भरतो आणि २० चा साधारण २ किलो २०० ग्रॅम. काटा दोन किलोच्याही खाली थांबला तर तो २५ चा पाईप मशीनवर चेपणारच, मग मशीनला दोष देऊन उपयोग नाही.

३. बेंडिंगसाठी कोणकोणती साधनं मिळतात? माझ्या कामाला कोणतं?

सगळ्यात साधं म्हणजे लांब दांड्याचा हातबेंडर. तो पायाने दाबायचा आणि दांडा ओढायचा. २० च्या पाईपला तो ठीक, २५ च्या १६ गेज पाईपला माणसाचा घाम काढतो. दुसरं स्टँडवरचं मशीन. त्यात अर्धगोल फॉर्मर, पाईप अडकवायची कडी, दाबणारा रोलर आणि लांब लिव्हर असतो. ही प्रश्नोत्तरं मुख्यतः याच मशीनबद्दल आहेत. तिसरं हायड्रॉलिक, म्हणजे जॅकच्या दाबावर डाय पुढे सरकते. ४० आणि त्यावरच्या साईजला तेच बरं.

महिनाभर चालणारं शेडचं काम असेल तर स्टँडचं मशीन घ्या. घरगुती दुरुस्तीत दोन-चार बेंड मारायचे असतील तर हातबेंडर पुरतो.

४. तयार बेंड आणि एल्बो मिळतात, मग वाकवायचा खटाटोप कशाला?

प्रत्येक तयार बेंडला दोन जोड येतात. दोन जोड म्हणजे चार आटे, गंज धरायच्या दोन जागा आणि अर्थिंगचा रस्ता तुटायच्या दोन शक्यता. वाकवलेला पाईप सलग राहतो. एल्बोचा कोपरा तर इतका आखूड असतो की ४ स्क्वेअर मिमीची वायरसुद्धा त्यात अडखळते. वळण बॉक्सजवळच असेल तर मात्र इन्स्पेक्शन टाईप फिटिंग वापरायला हरकत नाही, कारण झाकण काढून वायर हाताने वळवता येते.

५. बेंडची त्रिज्या किती ठेवायची?

आपल्याकडच्या नियमात ७५ मिमीपेक्षा कमी नको असं आहे. मी याखेरीज आणखी एक हिशोब पाळतो: आतल्या बाजूची त्रिज्या पाईपच्या बाहेरच्या व्यासाच्या किमान अडीच पट. २० आणि २५ ला ७५ चा नियम आधीच जास्त मागतो, ३२ पासून अडीच पटीचा हिशोब पुढे जातो. चांगल्या मशीनच्या फॉर्मरवर ही त्रिज्या आपोआप मिळते. फॉर्मर सोडून खांबाच्या कडेवर गुडघा लावून वाकवलेल्या पाईपाला त्रिज्या नसते, त्याला नुसता मोड असतो.

६. दोन बॉक्सच्या मध्ये किती बेंड चालतात?

नियम आहे चार काटकोनांइतका, म्हणजे एकूण ३६० अंश. आउटलेटजवळचे बेंड त्यात धरत नाहीत. कागदावर एवढं ठीक आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्याने मात्र त्यामागचं कारण समजून घ्यावं.

बेंडमध्ये वायर आतल्या भिंतीला घासते आणि ओढण्याचा जोर बेंडागणिक वाढतो. ही वाढ बेरजेची नाही, गुणाकाराची आहे. घर्षणांक ०.३५ धरला तर एका काटकोनात जोर १.७ पट होतो, दोन बेंडांत ३ पट आणि चारांत ९ पट. शेवटचा बेंड वाढवला की वायर ओढणारा माणूस का शिव्या देतो, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. म्हणून मी स्वतः दोन काटकोनांनंतर बॉक्स टाकतो आणि तिसरा बेंड नाइलाज असेल तरच घेतो. बॉक्सची किंमत वायर ओढायच्या मजुरीपेक्षा कमीच पडते.

ऑफसेटचे, म्हणजे पाईप बाजूला सरकवून पुन्हा समांतर नेणाऱ्या दोन उलट्या बेंडांचे (प्रश्न १०) अंशही या हिशोबात मोजा. ३० चा ऑफसेट म्हणजे ६० अंश. आणखी एक गोष्ट: सीपीडब्ल्यूडीच्या तक्त्यात एका पाईपात किती वायर चालतील याचे दोन रकाने आहेत. बॉक्समधलं अंतर ४.२५ मीटरच्या आत आणि वळण १५ अंशांपर्यंत असेल तर सरळ पाईपचा रकाना, १५ अंशांच्या वर गेलं की बेंडचा. एक काटकोन मारला की वायरची परवानगी कमी होते, हे डिझाईन करताना हमखास विसरलं जातं.

७. काटकोनी बेंड बरोबर उंचीला यावा म्हणून खूण कुठे करायची?

आधी आपल्या मशीनची वजावट काढा. पाईपाच्या टोकापासून ३०० वर खूण करा. ती फॉर्मरवरच्या एका ठराविक रेघेला लावा. रेघ नसेल तर करवतीच्या पात्याने बारीक ओरखडा मारून घ्या, पण मग कायम तीच वापरा. ९० अंश वाकवा. आता पाईप जमिनीवर ठेवून उभ्या टोकाची उंची जमिनीपासून मोजा. समजा ४३२ आली, तर ४३२ वजा ३०० म्हणजे १३२ ही त्या फॉर्मरची वजावट. पुढे ५०० उंची हवी असेल तर खूण ३६८ वर.

प्रत्येक फॉर्मरची वजावट वेगळी. ती ऑइल पेंटने मशीनच्या अंगावरच लिहून ठेवा. वहीत लिहिलेलं साईटवर सापडत नाही.

८. यूट्यूबवर पाच इंच, सहा इंच असे तयार आकडे सांगतात. ते वापरले तर?

ते आकडे अमेरिकी पातळ ईएमटी पाईपाचे आणि तिथल्या हातबेंडरचे आहेत: अर्ध्या इंचीला ५, पाऊण इंचीला ६, एक इंचीला ८ इंच. तिथला पाऊण इंची ईएमटी बाहेरून २३.४ मिमी असतो आणि अर्धा इंची १७.९. आपल्या २० किंवा २५ शी त्याचं नातं नाही, फॉर्मरची त्रिज्याही वेगळी. व्हिडिओ बघून हात कसा चालतो ते शिका, वजावट मात्र प्रश्न ७ प्रमाणे स्वतः काढा. ऑफसेटचे गुणक (प्रश्न १०) मात्र जगात कुठेही तेच, कारण ती भूमिती आहे.

९. बेंडसाठी पाईप किती लांबीचा कापायचा?

दोन्ही बाजू बाहेरून बाहेर मोजा आणि त्यांची बेरीज करा. त्यातून ०.४३ गुणिले मध्यत्रिज्या आणि वर पाईपाचा व्यास वजा करा. मध्यत्रिज्या म्हणजे पाईपाच्या मध्यरेषेची त्रिज्या. उदाहरण: २५ चा पाईप, मध्यत्रिज्या १००, बाजू ३०० आणि ५००. बेरीज ८००, वजा ४३, वजा २५, उरले ७३२. दोन बॉक्सच्या मधला अगदी नेमका तुकडा असेल तरच हा हिशोब करत बसा. एरवी थोडा लांब ठेवून नंतर कापणं सोपं.

१०. ऑफसेट मारताना दोन खुणांमधलं अंतर कसं काढायचं?

भिंतीवरून बॉक्सच्या तोंडाशी उचलायचं असो की बीमखालून सरकायचं असो, अंतर = उंची × गुणक. २२.५ अंशाला गुणक २.६, ३० ला २, ४५ ला १.४१, ६० ला १.१५. उंची १०० आणि कोन ३० तर खुणा २०० वर. एवढ्यासाठीच ३० अंश सगळ्यांना आवडतो: दुपटीचा हिशोब तोंडी होतो आणि वायरही सहज जाते.

ऑफसेटमुळे पाईप पुढे कमी पोचतो, हे मात्र ध्यानात ठेवा. दर १०० मिमी उंचीला ३० अंशात २७ आणि ४५ अंशात ४१ मिमी घट येते. अडथळ्याकडे जाताना पहिली खूण करण्याआधी एवढं अंतरात मिळवायचं. पहिला बेंड झाला की पाईप पुढे सरकवून अर्धा फेरा फिरवा आणि दुसरा मारा. फिरवताना चुकलं तर प्रश्न १२.

११. मध्ये पाण्याचा पाईप आडवा आलाय. त्याच्यावरून उडी कशी घ्यायची?

तीन बेंड: मधला ४५ चा, दोन्ही बाजूंचे साडेबावीसचे. बाजूच्या खुणा मधल्या खुणेपासून अडथळ्याच्या उंचीच्या अडीच पट अंतरावर. मधली खूण उंचीच्या साधारण पाचव्या हिश्शाने पुढे सरकवा, नाहीतर उडी अडथळ्याच्या अलीकडेच पडते. ६० मिमीच्या अडथळ्याला बाजूच्या खुणा १५० वर आणि सरकवायचं ११ मिमी. मधला बेंड आधी मारा. या एका उडीत ९० अंश खर्च होतात, म्हणून आधी तो पाण्याचा पाईप हलवता येतो का ते विचारा.

१२. दोन बेंड मारले की पाईपाला पीळ बसतो. भिंतीला एक बाजू चिकटते, दुसरी उचललेली राहते.

दोन्ही बेंड एका पातळीत आले नाहीत. पाईप लोखंडी अँगलमध्ये ठेवून त्याच्या पाठीवर खडूच्या दोरीने किंवा मार्करने पूर्ण लांबीची सरळ रेघ ओढून घ्या. प्रत्येक बेंडला ती रेघ फॉर्मरच्या मध्याशी जुळवा, उलट्या बेंडला बरोबर समोरच्या बाजूला. पहिला बेंड झाल्यावर उभ्या भागावर छोटी पाणसळ टेकवून बघितली तर अंदाजाचं काम उरत नाही.

थोडा पीळ असेल तर एक टोक व्हाइसमध्ये धरून हळूच उलटा पिरगाळता येतो. जास्त असेल तर तुकडा बाजूला ठेवा, कुठेतरी छोट्या बेंडला कामी येईल.

१३. ९० वर थांबवला तरी पाईप परत उघडतो. का?

पोलाद थोडं मागे येतंच. १६ गेजच्या पाईपला २ ते ४ अंश जादा वाकवावं लागतं, पण नेमका आकडा पाईपाच्या लॉटवर अवलंबून असतो. नवा गठ्ठा उघडला की पहिल्या नगाचा एक तुकडा बेंड मारून कोनमापकाने तपासा. मोबाईलचा कोन दाखवणारा ॲपही चालतो. उघडलेल्या बेंडला पुन्हा मशीनवर चढवून थोडं दाबणं सोपं असतं, जास्त वाकलेल्याला उघडणं अवघड (प्रश्न १५). म्हणून पहिल्यांदा थोडा कमीच मारा.

१४. आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात, कधी पाईप चपटा होतो, कधी बाहेरून चीर जाते. एकच कारण आहे का?

तीन वेगळी कारणं. बेंडमध्ये बाहेरचा पत्रा ताणला जातो आणि आतला दाबला जातो, बाजूच्या भिंतींना फॉर्मरची खाच धरून ठेवते. रोलर सैल राहिला की दाबलेल्या पत्र्याला पळवाट मिळते आणि सुरकुत्या पडतात. रोलर फार आवळला, किंवा २० चा पाईप २५ च्या फॉर्मरमध्ये घातला, की आधार न मिळून पाईप चपटा होतो. रोलरचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने बदलत टाकाऊ तुकड्यावर बघा, अर्ध्या तासात जमतं.

चीर बहुधा वेल्डच्या शिवणीवर जाते. कंड्युट हा पत्रा गुंडाळून वेल्ड केलेला पाईप आहे, शिवण आतून बोटाने जाणवते. ती बेंडच्या बाहेर किंवा आत न ठेवता कडेला ठेवा. तिथे ताणही नसतो, दाबही नसतो. एवढी एक सवय लावली तरी वाया जाणारे नग कमी होतात.

लिव्हर एका संथ ओढीत आणा. झटके देत ओढला की प्रत्येक झटक्याला एक खाच दिसते.

चेपलेला पाईप वापरावा की नाही, याची माझी परीक्षा साधी आहे. जितक्या वायर जाणार तितक्याच तुकड्यांची जुडी बांधून बेंडमधून ओढून बघा. अडकली तर कापा. साहेबाने पाहिलं नाही म्हणून चालवलेला पाईप वायर ओढताना दिसतोच.

१५. जास्त वाकला तर सरळ करता येतो का?

दोन-चार अंश, आणि एकदाच. जरा मोठा पाईप बेंडच्या तोंडापर्यंत चढवा आणि हळू उलटा ओढा. पुन्हा पुन्हा मागेपुढे केलं की पत्रा कडक होऊन शिवण सुटते. दहा अंशांपेक्षा जास्त चूक असेल तर नवा नग घ्या.

१६. आटे आधी पाडायचे की वाकवल्यावर?

बेंडनंतरचा सरळ भाग आखूड असेल तर आधी, कारण नंतर डायचा दांडा फिरायला जागाच उरत नाही. लांब असेल तर नंतर, म्हणजे कडीत आटे चेपत नाहीत. कापलेलं तोंड दोन्ही वेळा रीमरने साफ करा.

अवघड जागा वेगळीच आहे. दोन्ही बाजूंना बेंड असलेला तुकडा कपलरमध्ये (दोन पाईप जोडणारा आतून आट्यांचा तुकडा) फिरवता येत नाही, भिंतीला आपटतो. तिथे एका टोकाला लांब आटे पाडा, कपलर पूर्ण त्यावर चढवा, तोंडं जुळवा, कपलर दुसऱ्या पाईपावर उलटा आणा आणि चेकनटने आवळा. उघडे राहिलेले आटे रंगवायला विसरू नका.

१७. चार पाईप समांतर न्यायचे आहेत. कोपऱ्यावर अंतर बिघडून ओंगळ दिसतं.

सगळे एकाच फॉर्मरवर मारले की त्रिज्या सारखी, आणि कोपऱ्याच्या मध्यावर अंतर १.४१ पट होतं. सरळ भागात ६० असेल तर कोपऱ्यात ८५. तांत्रिक दोष काही नाही, फक्त प्रत्येक बाहेरच्या पाईपाची खूण ६० ने पुढे सरकवावी लागते.

पॅनेल रूममध्ये, जिथे ग्राहक आणि इन्स्पेक्टर दोघंही थांबून बघतात, तिथे एककेंद्री बेंड मारा. आतल्या पाईपाची मध्यत्रिज्या समजा ४००, पुढची ४६०, त्यापुढची ५२०. प्रत्येकाची चापाची लांबी त्रिज्येच्या १.५७ पट. ४०० ला ६२८ आली, त्याचे १८ भाग केले तर दर ३५ मिमीला ५ अंश. असे बारीक बारीक दाब देत जायचं. वेळ बराच लागतो, कोटेशनमध्ये तो वेगळा धरा.

१८. अंबडच्या आमच्या शेडला छताला उतार आहे. खांबावरून वर जाऊन राफ्टरला (छताच्या तिरक्या तुळईला) लागायचं, तर बेंड किती अंशांचा?

उतार आधी मोजा. समजा १० अंश. खांबापासून राफ्टर वर चढत जात असेल तर ९० वजा १०, म्हणजे ८०. उतरत जात असेल तर १००. काटकोन मारून सॅडलने (पाईप धरून ठेवणारी पट्टी) जबरदस्तीने ओढून बसवलेले पाईप बरेच दिसतात. पुढे कपलर ढिले होतात ते त्यामुळेच. सॅडल दर १ मीटरला, आणि बेंड किंवा कपलरच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटरवर.

१९. गरम करून, वाळू भरून वाकवलं तर?

जीआय पाईप कधीही गरम करू नका. जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की त्याच संध्याकाळी थंडी-ताप भरतो, आणि पाईपावरचं गंजरोधक आवरणही जातं. मोठ्या साईजच्या काळ्या पाईपाला जुने कारागीर वाळू भरून तापवत. त्यात वाळू ओली राहिली तर वाफेने टोकाचं बूच उडतं. हायड्रॉलिक मशीन भाड्याने मिळत असताना या वाटेला जायचं कारण नाही.

२०. बेंडवर जस्ताचे पापुद्रे निघतात. पुढे गंजेल का?

उघड्यावर असेल तर हो. आतल्या कोरड्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काही होत नाही, पण इगतपुरी-घोटीकडच्या पावसात पहिल्याच हंगामात तांबूस डाग दिसतात. तारेच्या ब्रशने घासून झिंक-युक्त रंगाचे दोन हात द्या. बाहेरच्या उभ्या रनला पाणी खालच्या बेंडमध्ये साचतं, तिथे खाली पाणी निघायला भोक असलेला बॉक्स द्या.

२१. याच मशीनवर पीव्हीसी कंड्युट वाकवता येतो का?

नाही, तो चपटा होतो. त्याला आत घालायची स्प्रिंग असते, साईजप्रमाणे वेगळी. निफाडच्या डिसेंबरमधल्या सकाळी पीव्हीसी कडक झालेला असतो, फडक्याने घासून ऊब दिल्याशिवाय वाकवलात तर तडकतो. लोखंडी पाईपाला थंडीने फरक पडत नाही, फक्त हात गारठतात.

२२. पाईपात वायर आहेत. बसवलेला पाईपच जागेवर थोडा वाकवला तर?

नको. सप्लाय बंद करून वायर काढा, मगच पाईपाला हात लावा.

२३. मशीन विकत घेताना काय बघायचं?

आपल्या नेहमीच्या दुकानातला २० आणि २५ चा एकेक तुकडा बरोबर घेऊन जा आणि फॉर्मरच्या खाचेत बसवून बघा. पाईप खाचेत अर्धा बुडाला पाहिजे आणि हलता कामा नये. बाजारातल्या काही मशीनचे फॉर्मर नळाच्या पाईपाच्या मापाचे असतात (प्रश्न १) आणि विकणारा ते सांगेलच असं नाही. फॉर्मर ओतीव असेल तर खाचेत छिद्रं किंवा खरबरीतपणा नको, नाहीतर प्रत्येक पाईपावर ओरखडे येतील. रोलरची पिन बदलता येते का तेही विचारा, पहिल्यांदा तीच झिजते. ३२ चा फॉर्मर सुरुवातीला घेऊ नका. ती साईज लागते तेव्हा बहुतेक वेळा केबल ट्रे टाकणंच शहाणपणाचं ठरतं.

२४. पेंट, थिनर किंवा स्पिरिटच्या वाफा असलेल्या जागेतही हेच नियम?

नाही. तिथे पाईप, आटे, सीलिंग आणि फिटिंग सगळ्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. अशा जागेचं डिझाईन ते काम जाणणाऱ्या इंजिनिअरकडून करून घ्या. वरच्या उत्तरांतलं फक्त मापांचं गणित तिथे उपयोगी पडेल.